तारीख ठरवताना भरती बघा, मार्ग ठरवताना गावात या: ट्रायथलॉनच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
ट्रायथलॉन आयोजन समिती,
तसेच स्पर्धेला परवानगी देणारे नगरपरिषद, महसूल आणि पोलीस खात्यांतले अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

नाक्यानाक्यावर फलक लागले आहेत. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. एकूण ११३ किलोमीटर. नावनोंदणी सुरू, ८०० स्पर्धक अपेक्षित. पोहणं आमच्या खाडीच्या मुखाशी, सायकल आमच्या गावांच्या रस्त्यांवर, धावणं किनाऱ्यालगत. यातली एकही गोष्ट ठरवताना खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना कुणी विचारलं नाही. पंचायतीच्या टेबलावर पत्र आलं, तेही ‘माहितीस्तव’.

आधीच सांगतो, स्पर्धेला आमचा विरोध नाही. २०१९ साली गोव्यात मिरामारला याच अंतराची पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हापासून आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अशी काही व्हावी असं इथल्या अनेकांना वाटतं. या पत्राखाली होडीवाले आहेत, रापणीतले (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचे) लोक आहेत, पोहायला शिकवणारे, सायकलवाले, शाळेतले शिक्षक, दवाखाना चालवणारे आहेत. ज्या कामांवर अशी शर्यत उभी राहते ती कामं आम्हीच करणार आहोत. म्हणूनच जे ठरलं आहे ते गप्प बसून मान्य करता येत नाही.

सगळ्यात आधी तारीख. बाकी चुका दुरुस्त होतील, ही झाली नाही तर माणूस जाईल.

तुम्ही निवडलेला रविवार अमावास्येनंतरच्या तृतीयेला येतो, म्हणजे उधाण अजून उतरलेलं नसतं. आपल्याकडचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो. दक्षिणेला भरती थोडी लवकर लागते, म्हणून आमच्याकडे साडेसात-आठ धरा. तुमची सुरुवात सातला आहे. म्हणजे पहिला स्पर्धक पाण्यात उतरेल तेव्हा सुकती, म्हणजे पाणी उतरणं, चालू असेल आणि पाणी समुद्राकडे ओढत असेल. खाडीची आणखी एक खोड अशी की किनाऱ्यावर ओहोटी संपली तरी आत साठलेलं पाणी मुखातून बाहेर पडत राहतं. तक्त्यातली वेळ आणि मुखावर पाणी थांबण्याची वेळ यांत फरक पडतो, आणि तो प्रत्येक खाडीचा वेगळा.

आता आकडे मांडू. पोहण्याचा तुमचा कट-ऑफ, म्हणजे शेवटची मुदत, ७० मिनिटं. १.९ किलोमीटर ७० मिनिटांत म्हणजे मिनिटाला २७ मीटर, सेकंदाला ०.४५ मीटर. एक नॉटचा प्रवाह सेकंदाला ०.५१ मीटर असतो. थोडक्यात, प्रवाह एक नॉट झाला की तुमचा शेवटच्या फळीतला स्पर्धक प्रवाहाविरुद्ध जागेवरही टिकत नाही, मागे जातो. उधाणाच्या सुकतीला आमच्या मुखावर एक नॉट ही किरकोळ गोष्ट आहे. जाताना हाच माणूस दुप्पट वेगाने वळणाच्या बोयापर्यंत (तरंगत्या खुणेपर्यंत) पोहोचेल आणि त्याला वाटेल आज अंगात काही संचारलंय. वळल्यावर कळेल. त्यातच ओहोटीला मुखावरचा वाळूचा दांडा वर येतो आणि त्यावर लाट फुटते. दमलेला माणूस वाहत नेमका तिकडेच जातो.

वेटसूट (पोहताना घालायचा घट्ट रबरी पोशाख) घालणारे तरंगतील, असं कुणी म्हणेल. तसंही नाही. वयोगटातल्या, म्हणजे हौशी, स्पर्धकांना २४.५ अंश सेल्सियसच्या वर पाणी असेल तर बक्षिसासाठी पोहताना वेटसूट चालत नाही असा आंतरराष्ट्रीय शर्यतींचा प्रघात आहे. आमचं पाणी हिवाळ्यातही २७-२८ च्या आसपास असतं. थंड देशांतल्या शर्यतीत वेटसूट माणसाला आपोआप वर धरून ठेवतो. इथे ती सोय नाही. म्हणून तिकडची बचावाची आखणी जशीच्या तशी उचलून इथे पुरत नाही, माणसं जास्त लागतात.

उपाय खर्चिक नाही. दशमी-एकादशीच्या आसपासचा रविवार घ्या. तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, असतं, पाण्याचा चढउतार कमी, ओढ कमी, आणि पूर्ण भरती सकाळी सात ते आठच्या दरम्यान येते. दांडा पाण्याखाली असतो, पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, आणि उतरायला-चढायला चिखल तुडवावा लागत नाही. महिन्यात दोनदा एकादशी येते. त्यातली एक रविवारला धरून येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या आणि शेवटी होडीवाल्यांना विचारून पक्की करा. तारीख हॉटेलांच्या हंगामावरून आणि दुसऱ्या शहरांतल्या शर्यतींच्या वेळापत्रकावरून ठरवायची असेल तर पोहणं खाडीतून हलवा. कोल्हापूरला राजाराम तलावात ट्रायथलॉन होतात. जर्मनीत रोथची प्रसिद्ध शर्यत मेन-डॅन्यूब कालव्यात होते, त्यासाठी कालव्यातली जहाजवाहतूक बंद ठेवतात. उभं पाणी आपल्याकडेही धरणांत आहे.

पाण्यातलीच आणखी दोन-तीन कामं, जी कागदावर दिसत नाहीत.

बोये. तुमच्या आराखड्यात बोयाला सात मीटर दोरी आणि खाली चिरा (जांभा दगड) बांधायचा आहे. भरतीला सहा मीटर पाणी असेल तिथे ओहोटीला चार उरतं. सात मीटर दोरी चार मीटर पाण्यात सैल पडते आणि बोया नांगरापासून पावणेसहा मीटर सरकतो. पाणी फिरलं की तेवढाच उलट्या बाजूला. पोहणाऱ्याचं अंतर बदलतं, आणि दोन बोयांमधली सरळ रेष वाकडी होऊन गर्दी एकमेकांच्या अंगावर येते. दोरीच्या मध्यावर दोन-तीन किलोचं वजन अडकवलं की सैल भाग खाली ओढला जातो आणि बोया जागेवर राहतो. नांगर चिऱ्याचा नको. जांभ्याचं वजन पाण्यात जवळजवळ निम्मं होतं, आणि वाळूत तो रुतत नाही, घसरतो. लोखंडी नांगर आणि त्याला दोन मीटर साखळी. बोये आदल्या संध्याकाळी टाकायचे आणि पहाटे पुन्हा तपासायचे, कारण रात्रीतून एक भरती-ओहोटी त्यांच्यावरून गेलेली असते.

होड्या. इंजिनाच्या फायबर होड्या पोहणाऱ्यांच्या रांगेत नकोत. पंख्याला जाळी नसते आणि लाटेत पोहणाऱ्याचं डोकं चालवणाऱ्याला दिसत नाही. त्या बाहेरच्या अंगाला, प्रवाहाच्या खालच्या बाजूला, इंजिन तयार ठेवून उभ्या राहाव्यात. आत वल्ह्याच्या होड्या आणि कयाक. ८०० पोहणाऱ्यांना दर पंचवीस जणांमागे एक धरला तर ३२. सगळे एकाच वेळी पाण्यात नसतात हे खरं. चार-चार जण दर पाच सेकंदांनी सोडले तर शेवटचा माणूस सतरा मिनिटांनी उतरतो, तोवर पहिले वेगवान लोक परतीच्या वाटेवर असतात. तरी २५ च्या खाली जाऊ नका. तुमच्या आराखड्यात आठ आहेत.

आणि मोजणी. होडीत ओढून घेतलेल्या स्पर्धकाची वेळ मोजायची चिप घोट्यावरून काढायची, बिब नंबर (स्पर्धक क्रमांक) बिनतारीवर सांगायचा आणि तो एकाच माणसाने एकाच वहीत लिहायचा. हे झालं नाही की शेवटी आकडा जुळत नाही आणि किनाऱ्यावर कोरड्या कपड्यांत चहा पीत बसलेल्या माणसाला शोधायला सगळ्या होड्या समुद्रात जातात. पाण्यात गेलेले, बाहेर आलेले आणि होडीने आणलेले, हे तिन्ही जुळल्याशिवाय एकही होडी किनाऱ्याला लावायची नाही. पाकट माशाचा काटा लागला तर गरम पाणी लागतं, सोसेल इतकं. किनाऱ्यावर दोन थर्मास ठेवा. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण तुमच्या यादीत ते नाही.

रापणीचंही सांगून टाकू. किनारा शनिवार दुपारपासून सोमवारपर्यंत ‘आयोजनासाठी राखीव’ असं तुम्ही परस्पर लिहिलं आहे. रापण ओढायला तीस-चाळीस माणसं लागतात आणि हंगामात एक ओढ चुकली तर ती पुन्हा मिळत नाही. किनाऱ्याचा कुठला पट्टा, किती वाजेपर्यंत, हे रापणीच्या संघाशी बसून ठरवा. भरपाई द्यायची तर शर्यतीआधी द्या.

आता रस्ता. तुम्ही ३० किलोमीटरच्या तीन फेऱ्या आखल्या आहेत. आयोजकाला फेऱ्या सोयीच्या, माणसं कमी लागतात आणि फोटो चांगले येतात. गावाला त्या सगळ्यात महाग. हिशेब बघा: पहिला सायकलवाला साडेसातच्या आधी रस्त्यावर येतो. सायकलचा कट-ऑफ सुरुवातीपासून साडेपाच तास, त्यात मागून सुटलेल्यांची सतरा मिनिटं धरली की पावणेएक. फेऱ्यांच्या मार्गावरचं प्रत्येक गाव सव्वासात ते पावणेएक असं साडेपाच तास बंद.

त्याऐवजी ४५ किलोमीटर जाऊन परत येणारा मार्ग घ्या. ४० व्या किलोमीटरवरच्या गावात ताशी ३८ ने जाणारा पहिला सायकलवाला साडेआठच्या सुमारास येतो. परतीच्या वाटेवर तेच गाव ५० व्या किलोमीटरला लागतं. ताशी २२ ने जाणारा शेवटचा माणूस तिथून अकराच्या आत निघून जातो. सव्वाआठला बंद, अकराला खुलं, पावणेतीन तासांत काम झालं. शेवटच्या सायकलमागे पोलिसांची गाडी आणि तिच्यामागे रस्ता उघडत जायचा. फक्त शहराजवळच्या सात-आठ किलोमीटरना जास्त वेळ बंदी लागेल. तिथे पर्यायी रस्ते आहेत, आत गावांत नाहीत. आमच्या तीन वाड्यांना बाहेर पडायला तोच एक रस्ता आहे.

वेळा अशा, गावागावाच्या, ठळक छापून महिनाभर आधी लावा. ‘सकाळपासून दुपारपर्यंत वाहतूक बंद’ या वाक्याने कुणालाही काही ठरवता येत नाही. रविवारी तालुक्याच्या शाळांत स्पर्धा परीक्षांची केंद्रं असतात, मुलं पहिल्या एसटीने येतात. चर्चमध्ये सकाळचा मिस्सा असतो. कुणाचं डायलिसिस असतं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, वऱ्हाडाच्या गाड्या सायकलींमागून ताशी २२ ने जाणार आहेत का?

रुग्णवाहिकेबद्दल मात्र तडजोड नाही. तालुक्यातली १०८ ची गाडी शर्यतीच्या दिमतीला उभी करायची नाही. ती गावांची आहे. शर्यतीसाठी वेगळ्या गाड्या भाड्याने आणा: पाण्यापाशी एक, सायकल मार्गावर दोन, धावण्याच्या मार्गावर आणि शेवटाला दोन. आणि बंद रस्त्यावर गावातल्या रुग्णाची गाडी आली तर तिला कुणी अडवायचं नाही. सायकली चालल्या आहेत त्याच दिशेने, पुढे मोटरसायकलवर मार्शल देऊन सोडायची. हे प्रत्येक नाक्यावरच्या स्वयंसेवकाला पाठ हवं. ‘साहेबांना विचारून सांगतो’ असं म्हणण्यात दहा मिनिटं जातात.

रस्त्याची अवस्था तुम्ही गाडीतून पाहिली असेल. तो सायकलवरून पाहावा लागतो. शर्यतीच्या सायकलचं टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतं आणि पुढे झुकून बसलेल्या माणसाचे हात ब्रेकवर नसतात. पुलाच्या सांध्यातली फट त्या टायरला पुरते. तिच्यावर जाड रबरी मॅट किंवा जुना गालिचा खिळे ठोकून पसरायचा, कडा टेपने नव्हे तर पट्टीने दाबायच्या. टेप दहा वाजेपर्यंत उन्हाने सुटते. गतिरोधक काढता येत नसतील तर आधी १०० मीटरवर फलक, ५० मीटरवर झेंडा घेऊन माणूस आणि गतिरोधकावर ताजे पांढरे पट्टे. गतिरोधकापुढच्या २० मीटरांत पाण्याच्या बाटल्या पडलेल्या असतील, कारण धक्क्याने त्या मागच्या पिंजऱ्यातून उडतात. तिथे उचलायला दोन माणसं नसतील तर दुसरा सायकलवाला बाटलीवर चढतो. चिऱ्याच्या खाणींच्या फाट्यांवर लाल माती आणि खडी रस्त्यावर येते. शनिवारी संध्याकाळी झाडून उपयोग नाही, रात्री ट्रक गेले की पुन्हा तेच. रविवारी पहाटे पाचला झाडा आणि खाणींना शनिवार रात्रीपासून ट्रक न सोडण्याचं लेखी कळवा. घाटातल्या दोन वळणांना पेंढ्याचे भारे लावा. ते आम्ही देऊ, पैसे देऊन घ्या.

कापणीचे दिवस असतील तर रस्त्याच्या कडेला भात वाळत असतं. ते उचलायला शुक्रवारी फर्मान काढू नका. महिनाभर आधी सांगितलं तर लोक खळ्यात नाहीतर शाळेच्या पटांगणात सोय करतील. गुरांचंही तसंच: सकाळी चरायला सोडायच्या वेळेलाच पहिली सायकल येणार आहे. प्रत्येक वाडीत एक माणूस नेमा, रोजाने. गुरं ओळखीच्या माणसाचंच ऐकतात.

धावणं तुमच्या वेळापत्रकात साडेअकरा ते साडेतीन या भर उन्हात बहुतेकांच्या वाट्याला येतं. वेगवान माणसं आधी संपवून सावलीत बसतील, पण साडेआठ तासांच्या कट-ऑफशी झगडणारे, वयाने मोठे, पहिल्यांदाच उतरलेले लोक त्या वेळी रस्त्यावर असतील. पाण्याचे पॉइंट तुम्ही पाच लावले आहेत, चार किलोमीटरला एक. दमट हवेत ताशी सहा-सात किलोमीटरने चालणाऱ्या-धावणाऱ्या माणसाला चार किलोमीटर म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटं होतात. दहा पॉइंट हवेत, दोन किलोमीटरला एक. प्रत्येक ठिकाणी माणशी १५० मिलिलिटरचे दोन पेले धरले तर ८०० जणांना २,४०० लिटर पिण्याचं पाणी, आणि डोक्यावर ओतायला तेवढंच आणखी. बर्फ माणशी दोन किलो धरा, सोळाशे किलो. तालुक्यातला बर्फ मासळीला जातो. एवढा बर्फ हवा असेल तर कारखान्याला आठवडाभर आधी आगाऊ द्यावी लागेल, नाहीतर शनिवारी रात्री बोटींचा बर्फ पळवावा लागेल आणि आमच्यातच भांडणं लागतील.

पॉइंटवर वस्तूंचा क्रम ठरलेला असावा: आधी पाणी, मग ओआरएस, मग केळं आणि मीठ, शेवटी पुन्हा पाणी आणि बर्फ. पहिल्या टेबलावरच सगळं ठेवलं की गर्दी तिथेच तुंबते. पेला वरच्या कडेला धरून हात लांब करायचा. तळाला धरलेला पेला धावणाऱ्याच्या हातात येत नाही, सांडतो. सायकलच्या पॉइंटवर बाटली वरून तीन बोटांनी धरून सायकलबरोबर दोन-चार पावलं धावायचं. हे शिकायला अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास ठेवलेला हवा.

कोकम सरबताबद्दल एक सूचना. आमच्या बायकांच्या बचतगटांकडून ते घ्या, मीठ-साखरेचं प्रमाण ठरवून घ्या, पण स्पर्धकांना महिनाभर आधी कळवा. शर्यतीच्या दिवशी अनोळखी काही पोटात घालू नये हे प्रत्येक ट्रायथलीटला ठाऊक असतं. कितीही चांगलं सरबत असलं तरी अचानक दिलेलं कुणी पिणार नाही.

वैद्यकीय आराखड्यात ‘सलाईनच्या १०० बाटल्या’ लिहिल्या आहेत. बाटल्या मोजून सुरक्षा मोजता येत नाही. उन्हात लांब पल्ल्याला दोन गोष्टी एकसारख्या दिसतात आणि उपचार उलटे असतात. एक उष्माघात: माणूस बरळतो, तोल जातो, आतलं तापमान ४० अंशांच्या वर. दुसरं रक्तातलं सोडियम उतरणं, तासन्तास नुसतं पाणी पीत राहिल्याने. तोही गोंधळतो, उलट्या करतो. दुसऱ्याला घाईने साधं सलाईन भरलं तर तो बिघडू शकतो. म्हणून शेवटाच्या तंबूत सोडियम तिथल्या तिथे तपासायचं यंत्र आणि गुदद्वारातून तापमान घ्यायचा थर्मामीटर हवा. काखेतला किंवा कपाळावरचा अशा वेळी फसवतो. उष्माघाताच्या माणसाला आधी थंड करायचं, मग हलवायचं. दोनशे लिटरचे दोन टब, बर्फाचं पाणी, माणूस गळ्यापर्यंत आत, डोकं धरायला एक जण. अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरलं पाहिजे. जिल्हा रुग्णालय इथून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. वाटेत गाडीच्या एसीने हे काम होत नाही.

स्वयंसेवक. तुमच्या पत्रकात ‘४०० विद्यार्थी स्वयंसेवक’ आहेत. मुलांना कुणी विचारलेलं नाही. शाळा-कॉलेजांना आकडा कळवला आहे. पहाटे चारला बोलावून दुपारी चारपर्यंत उभं ठेवायचं, वडापाव आणि प्रमाणपत्र द्यायचं, हे चालणार नाही. पाळी चार तासांची, बदली माणूस आलेला, जेवण वेळेवर, विमा, टोपी, आणि मुलींसाठी जवळ स्वच्छतागृह. दहावीखालची मुलं वाहतुकीच्या रस्त्यावर नकोत. रोथ हे काही मोठं शहर नाही, तरी तिथे शर्यतीला सात हजारांवर स्वयंसेवक उभे राहतात. ते काही फर्मानाने येत नाहीत. १९८० च्या दशकापासून तिथल्या क्लबांनी, अग्निशमन दलांनी आणि गावांनी ती शर्यत आपली मानली आहे, आपापला पॉइंट वर्षानुवर्षं सांभाळला आहे.

उलट बाजूही बघा. हवाईतल्या कैलुआ-कोना गावात १९८१ पासून ‘आयर्नमॅन’ या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची जागतिक स्पर्धा होत आली आहे. २०२२ मध्ये तिथे एकाऐवजी दोन दिवस शर्यत ठेवली, गुरुवारी आणि शनिवारी. चाळीस वर्षं यजमानपद केलेलं गाव, तरी दोन दिवसांचे बंद रस्ते आणि राबणारी माणसं त्याला झेपली नाहीत. २०२३ पासून शर्यत फ्रान्समधल्या नीसबरोबर वाटून घ्यावी लागली आणि २०२६ ला ती पुन्हा कोनात, एका दिवसात आणायचं ठरलं. तुम्ही तर पहिल्याच वर्षी शनिवारी छोट्या अंतराची आणि रविवारी मोठ्या अंतराची, अशा दोन शर्यती जाहीर केल्या आहेत.

कचऱ्यावर फार लिहीत नाही. दहा पॉइंट, दोन पेले, ८०० माणसं म्हणजे १६,००० पेले. स्पर्धकाने स्वतःचा घडीचा पेला आणायचा असा नियम करा, पॉइंटवर जगने ओता. स्पर्धक खातात त्या एनर्जी जेलची वेष्टनं पॉइंटनंतरच्या १०० मीटरांतच टाकायची, बाहेर टाकलं तर दंडाची मिनिटं. सोमवारी सकाळी आमच्या समुद्रात ती तरंगताना दिसली तर पुढच्या वर्षीची परवानगी विसरा.

आमच्या मागण्या अशा:

१. जाहीर केलेली तारीख मागे घ्या. नवी तारीख भरतीचा तक्ता, जत्रा, कापणी आणि परीक्षा समोर ठेवून, होडीवाल्यांच्या उपस्थितीत ठरवा.

२. पहिल्या वर्षी एकच दिवस, एकच शर्यत, आणि ८०० ऐवजी ४०० स्पर्धक.

३. तीन फेऱ्यांचा सायकल मार्ग रद्द करून जाऊन-येऊन मार्ग घ्या. गाववार बंद-खुले वेळापत्रक ३० दिवस आधी प्रसिद्ध करा.

४. १०८ ला हात लावू नका.

५. पोहण्याच्या दिवशी सकाळी पाणी योग्य नसेल तर पोहणं रद्द करून फक्त सायकल आणि धावणं घेण्याचा अधिकार एका माणसाकडे असावा, आणि तो माणूस प्रायोजकांचा नसावा. त्याचं नाव आधी जाहीर करा.

६. प्रत्येक नोंदणीमागे ठरावीक रक्कम मार्गावरच्या ग्रामपंचायतींना, शर्यतीआधी, धनादेशाने. किती, ते ग्रामसभेत ठरू दे. केळी, सरबत, जेवण, पेंढा, होड्या, राहण्याची सोय शक्यतो तालुक्यातून.

७. तालुक्यातल्या रहिवाशांसाठी सवलतीच्या ५० जागा, आणि तिघांनी मिळून करायच्या रिलेत स्थानिक संघांना प्रवेश. इथली पोरं खाडी पोहून पार करतात. नुसतं पाणी वाटायला त्यांना उभं करू नका.

८. शर्यतीनंतर पंधरा दिवसांत जाहीर सभा: किती जणांना होडीत घ्यावं लागलं, किती रुग्ण आले, किती कचरा उचलला, पैसे कुठे गेले.

यातली पहिली, तिसरी, चौथी आणि पाचवी मान्य झाल्याशिवाय आमच्या होड्या पाण्यात उतरणार नाहीत आणि पंचायती ना-हरकत देणार नाहीत. उरलेल्यांवर बसून बोलू.

बैठक नगरपरिषदेच्या सभागृहात नको, जेटीवर ठेवा, तृतीयेला, सकाळी सातला. पुढच्या महिन्यातही ती येते. येताना मार्गाचा नकाशा, वैद्यकीय आराखडा आणि सेकंद दाखवणारं घड्याळ आणा. आम्ही होडी आणि ५० मीटरची दोरी आणतो. पाऊण भरून झाकण लावलेली बाटली मुखाशी पाण्यात सोडू आणि ५० मीटर जायला तिला किती सेकंद लागतात ते तुम्हीच मोजा. शंभर लागले तर एक नॉट. आमचा अंदाज साठच्या आतला आहे.

कळावे,

खाडीकाठच्या गावांतले होडीवाले, रापणकर, पोहणारे, सायकलवाले, शिक्षक आणि वैद्यकीय व्यावसायिक